वाफेतून उरलेली वीट

मी एक जुनी वीट आहे. मित्रांनो, हे वाचून तुमच्या डोळ्यांपुढे लाल मातीची, भट्टीत भाजलेली वीट आली असेल, तर ती आधी बाजूला ठेवा. मी मातीची नाही. चरबीच्या शेपट्या आणि साखरेच्या कड्या जोडून मला घडवलं आहे. माझं कागदोपत्री नाव लायपोपॉलिसॅकराइड. ते एका दमात म्हणता आलं तर शाबास, नाही आलं तरी काही बिघडत नाही, कारण मला आजवर कोणी हाक मारलेली नाही. ज्या भिंतीत मला बसवलं ती भिंत एका जिवाणूची होती. तो जिवाणू केव्हाच मेला. भिंत फुटली. मी उरले. सध्या शिवणाच्या सुईइतक्या बारीक पोलादी नळीत, आतल्या एका ओरखड्यात मी अडकून पडले आहे. इथे कशी आले, ते सांगते. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच लक्षात ठेवा. जन्मापासून आजपर्यंत मी स्वतःहून एक पाऊलही टाकलेलं नाही.

माझा जिवाणू हा पाण्यात राहणारा, काडीसारखा, एका पेशीचा जीव होता. त्याला दोन भिंती होत्या, एक आतली आणि एक बाहेरची. दोहोंच्या मध्ये घट्ट द्रवाने भरलेली अरुंद पोकळी होती. मी बाहेरच्या भिंतीची, पण माझा कारखाना आतल्या भिंतीच्या आतल्या अंगाला. म्हणजे घर बाहेर आणि जन्म आत. माझ्या आयुष्यातली पहिली अडचण ही.

कारखान्यातल्या कामगारांची शिस्त मात्र वाखाणण्यासारखी होती. एक कामगार एकच काम करी आणि ते झाल्याशिवाय पुढचा हात लावत नसे. आधी दोन साखरा आल्या. त्यांना चरबीच्या चार शेपट्या चिकटवून त्यांची जोडी बांधली गेली. मग त्या जोडीवर दोन खास आंबट साखरा बसल्या, आणि त्या बसल्यावरच उरलेल्या दोन शेपट्या लागल्या. आधी का नाहीत, असं मी विचारलं नाही. विचारायला मला तोंड कुठे होतं? सहा शेपट्या झाल्यावर डोक्यावर आणखी काही साखरा चढल्या. विटा किती घडवायच्या यावर कडक नजर असे. कमी पडल्या तर भिंत गळते, जास्त झाल्या तर जिवाणू आतल्या आत गुदमरतो. म्हणून विटांचा ढीग वाढू लागला की अगदी आधीच्या टेबलावरच्या एका कामगारालाच कापून टाकत. त्याच्या जागी नवा येई तो गरज पडल्यावर. कोणी रडत नसे. तिथे सगळेच असे होते.

मग मला उलटवण्यात आलं. आतल्या भिंतीत एक यंत्र आहे. ते आतून वीट उचलतं आणि गर्रकन बाहेरच्या अंगाला टाकतं. तिथे दुसऱ्याच टोळीने तयार करून ठेवलेली साखरेची लांब साखळी माझ्या डोक्याला जोडली गेली. वेणी घालून झालेल्या मुलीसारखी मी नटून उभी राहिले. आता फक्त ती पोकळी ओलांडायची होती.

आणि नेमकं तेच मला जमण्यासारखं नव्हतं. माझ्या शेपट्या तेलकट. तेल आणि पाणी यांचं किती सख्य आहे, ते तुम्ही खरकट्या भांड्यात पाहिलं असेल. पोकळीत पाऊल ठेवलं असतं तर शेपट्यांचा गोळा होऊन मी तिथेच लोळत पडले असते. म्हणून आमच्यासाठी पूल बांधलेला असतो. तोही काय नामी! एकाला एक जोडलेल्या तुकड्यांचा, आणि आतून खोबण असलेला. शेपट्या खोबणीत लपतात, साखरा बाहेर लोंबत राहतात. पुलाची दोन्ही टोकं नीट जुळल्याशिवाय एकही वीट पुढे सोडत नाहीत.

पुलाच्या पायथ्याशी दोन इंजिनं आहेत, ती इंधन जाळतात आणि वीट भिंतीतून उपसून खोबणीत ढकलतात. पोकळीत इंधन नाही, म्हणून मधे कोणी ओढायला नाही. मागची वीट आली की पुढची सरकते, एवढंच. मी ज्या विटेला ढकललं तिचा चेहरा मला दिसला नाही, आणि मला जिने ढकललं तिचा मी पाहिला नाही. पलीकडच्या टोकाला पिंपासारखं एक दार होतं. ते कडेने किंचित उघडलं आणि मी घसरत बाहेरच्या भिंतीत, तिच्या अगदी बाहेरच्या अंगाला जाऊन बसले. शेजारणींशी माझी गाठ कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या कणांनी मारली गेली. दार मिटलं.

ते माझे वैभवाचे दिवस होते. आमची भिंत अशी घट्ट की साबण शिरेना, औषध शिरेना. जिवाणू दुभंगून दोन व्हायचा, अर्धी भिंत हिला, अर्धी तिला. आई कोण आणि लेक कोण, याचा वाद घालायला कोणाला सवड नसे. आमचं सगळं गाव एका टोपल्याच्या तळाशी, बोटभर पाण्यात नांदत होतं.

ते टोपलं होतं एका लहानशा इस्पितळात. इस्पितळ फक्त डोळ्यांचं. खाली तपासणी, वर शस्त्रक्रियेची खोली, आणि तिच्या मागे अवजारं धुण्याची खोली. तिथल्या ओट्यावर ते चौकोनी स्टीलचं टोपलं ठेवलेलं असे. बटण दाबलं की त्यातलं पाणी थरथरायचं, बारीक आवाजात गुणगुणायचं, आणि अवजारांच्या सांध्याकोपऱ्यातली घाण सुटून यायची. सगळे त्याला गुणगुण्या म्हणत.

त्या खोलीवर राज्य होतं सिस्टरचं. तिला खरं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी लागायचं. चिमटे, सुऱ्या, कात्र्या आणि डोळ्यात पाणी सोडायच्या बारीक पोलादी नळ्या, ज्यांना तिथे कॅन्युला म्हणत, हे सगळं तिच्या हाताखालून जाई. आधी गुणगुण्यात, मग साध्या पाण्याखाली, मग नळ्यांमधून सिरिंजने एकदा स्वच्छ पाणी, मग कापडात गुंडाळून वाफेच्या यंत्रात. गाठोड्यावर ती एक पट्टी चिकटवी. वाफ पुरेशी लागली की पट्टीवर काळे पट्टे उमटत. काळे पट्टे पाहिल्याशिवाय तिने एकही गाठोडं कधी पुढे दिलं नाही. नव्या परिचारिका तिला पाठीमागे काळीपट्टी म्हणत, आणि ते तिला माहीत होतं, आणि आवडतही होतं.

गुणगुण्याचा एक रिवाज पडून गेला होता. आठवड्याच्या पहिल्या शस्त्रक्रियेच्या दिवशी त्यात पाणी आणि निळा साबण भरायचा आणि शेवटच्या दिवशी तोटी उघडून सोडून द्यायचा. तोटी तळापासून जराशी वर होती. त्यामुळे बोटभर पाणी नेहमी उरायचं आणि सुट्टीभर तिथेच बसायचं. त्यावरच नवं पाणी ओतलं जाई. यात कोणाला वावगं वाटलं नाही. शेवटी सगळं वाफेतून जाणारच होतं ना? पहिली अंघोळ कुठे का होईना!

अशाच एका सकाळी गुणगुण्या सुरू झाला. आमचं गाव हादरलं. कित्येक जिवाणू तिथल्या तिथे फुटले. माझा जिवाणू वाहत वाहत एका कॅन्युलात शिरला. नळी उचलली गेली, पाण्याखाली धरली गेली, सिरिंजचा फवारा आला, काही शेजारी वाहून गेले, आम्ही राहिलो. मग अंधार झाला आणि वाफ आली.

वाफेत माझ्या जिवाणूचं काय झालं, ते मी फार सांगणार नाही. ज्या कामगारांनी मला घडवलं ते उकडलेल्या अंड्यासारखे गोठले. पूल मोडला. पिंपाचं दार निखळलं. थोड्या वेळाने त्या जिवाणूत जिवंत असं काही उरलं नाही. मला मात्र काही झालं नाही. मला मोडायला ओली वाफ पुरत नाही, भट्टीसारखी कोरडी आंच लागते, अडीचशे अंशांची, तीही बराच वेळ. यात माझं शौर्य नाही. मला बनवलंच तसं. भिंतीचा एक तुकडा पोलादाला चिकटून राहिला आणि त्यात मी. बाहेर पट्टीवर काळे पट्टे उमटले. सिस्टरने ते पाहून मान हलवली.

मित्रांनो, इथून पुढची गोष्ट समजायला एक माहिती हवी. तुमच्या शरीरात पहारेकरी असतात. माझ्या शेपट्यांवरून ते मला ओळखतात. वीट दिसली म्हणजे भिंत असणार, भिंत असली म्हणजे जिवाणू असणार, असा त्यांचा हिशोब. मग ते बोंब ठोकतात, सूज आणतात, फौजा बोलावतात. वीट मेलेल्या भिंतीची आहे, हल्ला करायला कोणी उरलेलं नाही, हे त्यांना कळत नाही. मी कोणाला चावत नाही, कोणाला खात नाही. मी नुसती असते. आणि तेवढ्याने घरात आग लागते.

त्या आठवड्यात मोतीबिंदू काढलेल्या दोघांचे डोळे दुसऱ्या दिवशी लाल आणि धूसर झाले. एक निवृत्त बसचालक, एक शिवणकाम करणारी आजी. डॉक्टरबाईंनी डोळ्यातल्या पाण्याचा नमुना तपासायला पाठवला. त्यातून जंतू म्हणून काहीच उगवलं नाही. उगवणार कसं? जिवंत कोणीच नव्हतं. थेंबांनी दोघांना हळूहळू बरं वाटलं, पण इस्पितळाचा जीव टांगणीला लागला. डॉक्टरबाईंनी औषधाच्या बाटल्या बदलल्या, हातमोजे बदलले, कृत्रिम भिंगांचा खोका परत पाठवला. अवजारांच्या खोलीच्या दारात त्या उभ्या राहिल्या तेव्हा सिस्टरने सगळ्या काळ्या पट्ट्या त्यांच्यापुढे धरल्या. डॉक्टरबाईंनी त्या पाहिल्या आणि म्हणाल्या की इथे काही प्रश्नच नाही. आत मात्र त्या आल्या नाहीत.

सिस्टरने ते जिवाला लावून घेतलं. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिने ठरवलं, आता सगळं दोनदा. दोनदा गुणगुण्यात, दोनदा वाफेत.

आणि त्याच सुमाराला तिच्या भावाचा नंबर लागला.

भाऊ तिच्याहून मोठा, घड्याळं दुरुस्त करणारा. रस्त्याच्या वळणावर त्याचं दुकान होतं. एक काचेचं टेबल, एक दिवा, आणि भिंतीवर आपापली वेळ दाखवणारी डझनभर घड्याळं. गल्लीतली पोरं त्याला टिकटिक काका म्हणत. उजव्या डोळ्याला काळं भिंग लावून तो केसासारख्या स्प्रिंगा चिमट्याने उचलायचा. त्या उजव्या डोळ्यातच मोतीबिंदू पिकला होता. डावा डोळाही मंदावला होता, पण त्याचं काम उजव्यावर चाले. त्याच्या हाताला सवय त्याच डोळ्याची होती. दुसऱ्या मोठ्या इस्पितळात जा, असं त्याच्या मुलीने सुचवलं तर तो ऐकेना. बहीण जिथे अवजारं धुते तिथेच, असा त्याचा हट्ट.

तपासणीच्या दिवशी तो वर येऊन अवजारांच्या खोलीच्या दारात टेकला. सिस्टर त्याला आत येऊ देईना, बुटांवरून.

"चिमे," तो म्हणाला, "लहानपणी तू घासलेली भांडी आई गुपचूप परत घासायची, ठाऊक आहे का तुला?"

"ठाऊक आहे. आणि तू ते मला मुद्दाम येऊन सांगायचास, तेही ठाऊक आहे."

"तसं नव्हे. एकच डोळा आहे ग कामाचा, म्हणून म्हटलं."

ती हसली नाही. "दादा, तुझी अवजारं मी तीनदा धुणार आहे," ती म्हणाली. "तू निश्चिंत राहा."

हे मी नळीतून ऐकलं. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडले असते. तिची पाठ गुणगुण्याकडे होती, आणि गुणगुण्याच्या तळाशी आमचं गाव पुन्हा वसलं होतं. तीनदा म्हणजे तीनदा त्याच पाण्यात.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दुपारी तिने भावाची अवजारं वेगळी काढली. इतर कोणाच्या अवजारांत मिसळू नयेत म्हणून त्यांना लाल दोरा बांधला. पहिल्यांदा बुडवली, धुतली, वाफेत घातली, काढली. पट्टी काळी. पुन्हा बुडवली. इतक्या प्रेमाने मी कोणाला कोणतंही काम करताना पाहिलेलं नाही. प्रत्येक चिमट्याचं टोक तिने दिव्यासमोर धरून पाहिलं. आणि प्रत्येक बुडीबरोबर माझ्यासारख्या लाखो नव्या विटा नळीत शिरत होत्या, जुन्यांवर नव्यांचे थर बसत होते. वाफ येत होती आणि जिवंतांना मेलेले करत होती, एवढंच. तिसऱ्या वेळी तिने नेहमीसारखी सिरिंज भरली आणि नळीतून एकदा पाणी सोडलं. आणखी दोन-चार सिरिंजा जोरात मारल्या असत्या तर कदाचित आमच्यातल्या बऱ्याच वाहून गेल्या असत्या. मी मनातल्या मनात म्हणत होते, अजून एकदा. पण नळी तर तीनदा धुऊन झाली होती. तिला आता आणखी काय धुवायचं? तिने सिरिंज ठेवून दिली.

पट्टीवर काळेकुट्ट पट्टे उमटले. तिने ते गाठोडं क्षणभर छातीशी धरलं.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. डॉक्टरबाईंचा हात फार हलका. गढूळ भिंग निघालं, नवं बसलं, आणि मग कॅन्युला डोळ्यात आली आणि तिच्यातून पाण्याची धार सुटली. माझ्या शेजारणी त्या धारेबरोबर निघाल्या. मागची ढकलते म्हणून पुढची सरकते, तसंच, फक्त पलीकडे आमचं घर नव्हतं. मी ओरखड्यात रुतून बसले होते म्हणून राहिले. जाणाऱ्यांना मी थांबवू शकले नाही, आणि त्याही थांबू शकल्या नाहीत. टिकटिक काका तेवढ्यात डॉक्टरबाईंना विचारत होते, तुमचं भिंतीवरचं घड्याळ मागे पडतंय का? टिकटिक जरा लंगडी वाटते. खोलीतले सगळे हसले. दारापाशी उभी असलेली सिस्टरही हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अवजारांच्या खोलीत, ओट्यावरच्या ट्रेमध्ये होते. भिंतीपलीकडेच डोळ्यांवरची पट्टी सोडायची खोली. सिस्टरने स्वतः भावाची पट्टी सोडली.

"चिमे," भावाचा आवाज आला, "बाहेर धुकं फार आहे का ग?"

बाहेर लख्ख ऊन पडलेलं होतं. अवजारांच्या खोलीच्या खिडकीतून ते माझ्या ट्रेवर आलं होतं.

"दुखतंय का?" तिने विचारलं.

"छे. मुळीच नाही. नुसतं पांढरं आहे."

डॉक्टरबाईंनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं. डोळ्याची पुढची काच या टोकापासून त्या टोकापर्यंत सुजलेली, दुखणं नाही, पू नाही. दोनदा पाहिलेलं तेच, पण कितीतरी जास्त. त्या उठल्या आणि सरळ अवजारांच्या खोलीत आल्या, या वेळी आत. सिस्टरला म्हणाल्या, एखादी नळी डोळ्यातून बाहेर आली की तिचं काय काय करता, ते मला पहिल्यापासून करून दाखवा. सिस्टरने मला ट्रेमधून उचललं. गुणगुण्याचं झाकण काढलं.

डॉक्टरबाईंनी हातमोजा काढून बोट पाण्यात घातलं आणि टोपल्याच्या तळावरून फिरवलं. मग दोन बोटं एकमेकांवर चोळली. बुळबुळीत लागलं असणार. तो आमच्या गावाचा चिखल होता.

"हे पूर्ण रिकामं कधी करता?"

"तोटीने सोडतो ना, आठवड्याने," सिस्टर म्हणाली. "मॅडम, हे तर नुसतं पहिलं पाणी. पुढे सगळं वाफेतून जातं. पट्ट्या दाखवू?"

डॉक्टरबाई स्टुलावर बसल्या. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सिस्टरला सोपं गेलं असतं.

"वाफेने जंतू मरतात, सिस्टर," त्या हळू म्हणाल्या. "मेलेले जातात कुठे?"

सिस्टर टोपल्याकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे, म्हणजे हातातल्या नळीकडे. मी तिला दिसत नव्हते. कोणालाच दिसत नाही. तिच्या ओठांची काहीतरी मोजणी चालली होती, आणि मला कळलं की ती बुड्या मोजते आहे.

"दादाची मी तीनदा बुडवली," ती म्हणाली. "त्या दोघांची एकदाच."

डॉक्टरबाईंनी तिचा हात धरला. म्हणाल्या, गेल्या आठवड्यात मी या दारातून परत फिरले, पट्ट्या पाहून. मी आत यायला हवं होतं. पण सिस्टरला ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. तिने नळी खाली ठेवली, गुणगुण्याच्या दोन्ही कड्यांना हात घातला आणि ते जड टोपलं एकटीने उचलून मोरीत उपडं केलं. तळाचं बोटभर पाणी घरघरत गेलं. इतकी वर्षं ते इतक्या सहज जाण्यासारखं होतं.

भावाच्या डोळ्यात तासातासाला थेंब पडू लागले. सिस्टर ते स्वतः घाली. डोळ्यांत तेल घालून म्हणतात तशी ती त्याच्या उशाशी बसे. धुकं विरलं, पण पूर्ण नाही. काच मधोमध साफ झाली, कडेला दुधाळ राहिली. आणि डोळ्याची बाहुली, जी उजेडात मिटते आणि अंधारात उघडते, ती सताड उघडीच राहिली, नादुरुस्त दारासारखी. दिव्याखाली भिंग लावलं की सगळा प्रकाश एकदम आत घुसे आणि स्प्रिंग कुठे आहे ते दिसेनासं होई. टिकटिक काकांनी महिनाभर प्रयत्न केला. मग एके दिवशी काळं भिंग त्यांनी डाव्या डोळ्याला लावलं. हात उजव्या डोळ्याचं ऐकायला शिकलेले, त्यांना डाव्याचं कळेना. चिमटा स्प्रिंगेच्या बाजूलाच टेकायचा. ते म्हणत, माझे हात आता चार मिनिटं मागे पडतात.

इस्पितळात पुढे सगळं बदललं. गुणगुण्या आता दर खेपेला रिकामा होतो, पुसून उपडा ठेवला जातो. नळ्यांतून पाणी भरपूर आणि जोरात सोडतात. जुन्या कॅन्युला टाकून द्यायच्या ठरल्या. एकदा वापरून फेकायच्या नव्या आल्या. त्यानंतर तसा डोळा कोणाचाच झाला नाही. लोकांनी सिस्टरचं कौतुक केलं. ती ते ऐकून दुसरीकडे पाहते.

तपासणीला आलेल्या टिकटिक काकांनी टाकाऊ नळ्यांचा डबा पाहिला. त्यांनी एक नळी मागितली. घड्याळाच्या चाकाच्या टोकाला तेलाचा अगदी बारीक थेंब द्यायला अशी नळी उत्तम. सिस्टर नको म्हणाली. यातलीच कोणती तरी होती दादा, म्हणाली. तर ते म्हणाले, मग तर मला हवीच, तिच्याकडून माझं काम वसूल करायचंय. त्यांनी डब्यात हात घालून एक उचलली. ती ही. लाल दोऱ्याचा तुकडा अजून तिच्या मानेला आहे.

तेव्हापासून मी या काचेच्या टेबलावर आहे. नळीत आता पाण्याऐवजी घड्याळाचं तेल असतं. माझ्या शेपट्यांना तेल मानवतं, तरी ओरखडा सुटत नाही. मला मागून ढकलणारी वीट उरली नाही आणि पुढे भिंतही नाही. सिस्टर कामावरून परतताना रोज येते. भावाचा डावा डोळाही आता शस्त्रक्रियेला आला आहे. ती म्हणते, मोठ्या इस्पितळात कर. तो म्हणतो, करीन तर तू धुतलेल्या अवजारांनी, नाही तर राहू दे तसाच. यावर दोघं रोज थोडं भांडतात, आणि मग ती उठून टेबलावरचे चिमटे पुसायला लागते.

मित्रांनो, मला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. मारणं वेगळं आणि धुणं वेगळं. एक केलं म्हणजे दुसरं झालं, असं समजू नका. भांड्याच्या तळाशी उरलेलं बोटभर पाणी आधी ओतून द्या, भांडं पुसा, उपडं ठेवा, कोरडं होऊ द्या. ज्याच्यावर तुमचं फार प्रेम आहे त्याच्यासाठी एखादं काम तीनदा करण्याआधी, ते कुठल्या पाण्यात करता आहात ते एकदा पाहा. मला हे कोणाला वेळेवर सांगता आलं नाही. आताही मी सांगते आहे, आणि या खोलीतल्या दोघांपैकी कोणालाही ऐकू येत नाही.

काल संध्याकाळी ती आली तेव्हा त्याने तेल काढून नळी गरम पाण्याने धुतली होती. नळी त्याने दिव्यासमोर धरली आणि डावा, मंद डोळा तिच्या टोकाला लावून आरपार पाहिलं. मी त्याच्यापासून बोटभर अंतरावर होते.

"साफ आहे," तो म्हणाला.

सिस्टरने ती त्याच्या हातातून घेतली आणि परत नळाखाली नेऊन धरली.